ड्रिफ्ट गेममध्ये गाडीगणिक हात बदलावा लागतो: बैठकीपासून जोडवळणापर्यंतचा सराव

साताऱ्यात आमच्या घराच्या माडीवर दर रविवारी सात-आठ मुले गेमच्या स्टिअरिंगवर ड्रिफ्टचा, म्हणजे मागची चाके मुद्दाम घसरवत गाडी तिरकी ठेवून वळण घेण्याचा, सराव करायला येतात. त्यांच्याकडून एकच चूक मी पुन्हा पुन्हा होताना पाहतो. एका गाडीवर हात बसला की मुलगा दुसरी गाडी निवडतो, तिलाही तोच वेग, तोच हँडब्रेक आणि तेवढीच रेस देतो, पहिल्याच वळणावर गाडी गरकन फिरते, आणि मग तो गाडीच्या सेटिंगला दोष देऊन ते बदलत बसतो. सेटिंग बदलूनही गाडी फिरतेच, कारण मुळात ती गाडी काय मागते आहे हे त्याने विचारलेलेच नसते. खाली दिलेला क्रम 'अ‍ॅसेटो कोर्सा' आणि 'कारएक्स ड्रिफ्ट रेसिंग ऑनलाइन' या दोन्ही गेमना लागू पडतो. 'कारएक्स'मध्ये बऱ्याच गाड्यांची नावे बदललेली आहेत, म्हणून तिथे नाव न शोधता गाडीची घडण ओळखावी.

टप्पा १: बैठक आणि उपकरणे

स्टिअरिंग असेल तर आधी त्याचा फेरा ठरवावा. लॉजिटेक जी २९ सारख्या स्टिअरिंगचा पूर्ण फेरा ९०० अंशांचा असतो. तो जास्त वाटल्यास कमी करायला हरकत नाही, पण स्टिअरिंगच्या सॉफ्टवेअरमधला आणि गेममधला आकडा एकच असला पाहिजे. हे आकडे जुळले नाहीत तर हात जितका फिरतो तितकी पडद्यावरची चाके वळत नाहीत आणि पुढचा सगळा सराव वाया जातो.

पेडल फरशीवर सरकत असतील तर खाली गोणपाट किंवा रबरी चटई घालावी आणि चाकाची खुर्ची वापरू नये. ब्रेक दाबताना खुर्ची मागे गेली की पाय लांबतो आणि ब्रेक दर वेळी वेगळा लागतो. मुलगा मात्र गाडी बेभरवशाची आहे असे समजतो.

गेममधील मदतींपैकी ट्रॅक्शन कंट्रोल आणि स्टॅबिलिटी कंट्रोल बंद करावेत, कारण ड्रिफ्टसाठी जे मुद्दाम घडवायचे असते तेच थांबवणे हे त्यांचे काम आहे. एबीएस, म्हणजे ब्रेक मारताना चाके जाम होऊ न देणारी सोय, सुरुवातीला चालू राहिली तरी चालेल. गिअर मात्र पहिल्या दिवसापासून स्वतः टाकावेत. ऑटोमॅटिक गिअर भर घसरणीत बदलतो, मागच्या चाकांचा जोर एकदम तुटतो आणि गाडी सरळ होते.

कंट्रोलरवर खेळणाऱ्यांनी काठीची मृत हालचाल, म्हणजे ज्या अंतरात काठी हलवूनही गाडी प्रतिसाद देत नाही ती, शक्य तितकी कमी ठेवावी. फोनवर रेसचे बटण फक्त चालू किंवा बंद एवढेच असेल, तर पुढे जिथे 'अर्धी रेस' म्हटले आहे तिथे बटण लहान लहान ठोक्यांनी दाबावे. कीबोर्डवर हे शिकता येते, पण हात बसायला फार वेळ लागतो. महिनाभर कीबोर्डवर झगडण्यापेक्षा मित्राचा कंट्रोलर मागून आणणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

*सावधान:* स्टिअरिंगचा झटका जोरदार असतो. अंगठे आतल्या दांड्यांत अडकवू नयेत. ते कडेवर बाहेरून टेकलेले असावेत.

टप्पा २: गाडी वाचणे

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात. नवी गाडी हातात आल्यावर एकही वळण घसरत घेण्यापूर्वी चार गोष्टी पाहाव्यात: जोर कोणत्या चाकांना जातो, पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर किती आहे, इंजिनाचे वजन कुठे आहे, आणि ताकद हळूहळू येते की एकदम.

चाकांमधल्या अंतराचा परिणाम समजायला उसाच्या हंगामात कारखान्याकडे निघालेला ट्रॅक्टर पाहावा. नुसता ट्रॅक्टर जागच्या जागी वळतो, पण दोन ट्रॉल्या जोडल्या की वळणाची तयारी चालकाला कितीतरी आधी करावी लागते. ट्रॉली सांध्यावर वळते आणि गाडी अखंड असते हा फरक खरा, पण लांबी वाढली की दिशा बदलायला वेळ लागतो ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच आहे. टोयोटा एई ८६ मध्ये हे अंतर सुमारे २४०० मिलिमीटर आहे, निसान सिल्व्हिया एस १५ मध्ये २५२५, तर बीएमडब्ल्यूच्या ई ४६ एम ३ मध्ये २७३० च्या आसपास. कागदावर हा फरक वीतभराहून थोडा जास्त दिसतो, पण घसरणीत तोच फरक गाडीचा सगळा स्वभाव ठरवतो. आखूड गाडी पटकन फिरते आणि पटकन हाताबाहेर जाते. लांब गाडी उशिरा फिरते, पण एकदा घसरली की कोन शांतपणे धरून ठेवते.

वजन सरकणे म्हणजे काय हे एसटीत उभ्याने प्रवास केलेल्या कोणालाही ठाऊक असते. चालकाने ब्रेक मारला की सगळे पुढे झुकतात आणि गाडी पुढे उचलली की मागे. गाडीचे वजन असेच सरकते. ज्या चाकांवर ते जाते त्यांची पकड वाढते आणि ज्यांवरून निघते ती चाके सुटायला तयार होतात. ड्रिफ्टची प्रत्येक सुरुवात याच्याच जोरावर होते.

आता मोकळ्या मैदानात तीन चाचण्या घ्याव्यात. पहिल्या चाचणीत ताशी ८० किलोमीटरवरून जोरात ब्रेक मारून गाडी सरळ थांबते की शेपूट हलवते ते पाहावे. दुसऱ्या चाचणीत दुसऱ्या गिअरमध्ये मोठे वर्तुळ धरून रेस अगदी हळू वाढवत न्यावी आणि आधी नाक बाहेर जाते की मागचा भाग, याची नोंद करावी. तिसऱ्या चाचणीत तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनाच्या कमी फेऱ्यांवरून पूर्ण रेस द्यावी आणि फेऱ्यांचा काटा कोणत्या आकड्यावर असताना पाठीवर धक्का बसल्यासारखी गाडी पळते ते लिहून ठेवावे.

*तपासणी:* या तिन्ही प्रश्नांची उत्तरे वहीत लिहिलेली नसतील तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नये.

टप्पा ३: वर्तुळ, मग इंग्रजी आठ

वळणांचा रस्ता निवडण्याआधी एका खांबाभोवती घसरते वर्तुळ काढता आले पाहिजे. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये वर्तुळात न्यावी, क्लच क्षणभर दाबून इंजिनाच्या फेऱ्या चढल्यावर सोडावा, आणि मागचा भाग सुटला की स्टिअरिंग घट्ट धरण्याऐवजी हातांतून सरकू द्यावे. पुढची चाके गाडी जिकडे चालली आहे तिकडे आपोआप वळू पाहतात. हात त्यांना अडवतो आणि गाडी फिरते. नवख्यांच्या बहुतेक गिरक्या जोर कमी पडल्यामुळे होत नाहीत, स्टिअरिंग वेळेवर न सोडल्यामुळे होतात, हे माझे ठाम मत आहे.

दुसरी मोठी चूक रेसची आहे. कोन वाढला म्हणून घाबरून पाय पूर्ण उचलला, की मागच्या चाकांना पकड झटक्यात परत मिळते. त्या वेळी पुढची चाके अजून उलट बाजूला वळलेली असतात, त्यामुळे गाडी त्याच बाजूला फेकली जाते. कोन जास्त वाटला तर पाय थोडासा सैल करावा, पूर्ण काढू नये. कोन कमी पडतो आहे असे वाटले तर रेस थोडी वाढवावी. वर्तुळाचा आकार बऱ्याच अंशी पायाने बदलतो, हाताने कमी, हे एकदा अंगात भिनले की पुढचे सोपे जाते.

नजर बॉनेटवर ठेवू नये. खांबाच्या पलीकडे, जिथे जायचे आहे तिथे ठेवावी. वर्तुळ दोन्ही दिशांनी जमले की दोन खांबांभोवती आठचा आकडा काढावा.

*तपासणी:* उजवीकडून दहा आणि डावीकडून दहा वर्तुळे न थांबता झाली पाहिजेत. बहुतेकांची एक बाजू कच्ची असते, आणि सराव त्याच बाजूने जास्त करावा.

टप्पा ४: वळणात शिरण्याच्या पद्धती

घसरण सुरू करण्याच्या पाच पद्धती शिकाव्यात. नंतर प्रत्येक गाडीसाठी त्यांतली निवड करायची आहे.

१. हँडब्रेक: वळणात नाक घातल्यावर क्लच दाबून हँडब्रेक क्षणभर ओढावा आणि मागचा भाग सुटताच सोडून रेस द्यावी. ही सर्वांत सोपी आणि सर्वांत जास्त वेग खाणारी पद्धत आहे.

२. क्लचचा ठोका: रेसवरचा पाय न काढता क्लच एकदा झटकन दाबून सोडावा. चढलेल्या फेऱ्यांचा धक्का मागच्या चाकांना बसतो आणि ती सुटतात.

३. झोका: वळण डावीकडे असेल तर आधी थोडे उजवीकडे घेऊन मग डावीकडे फेकावे. खेळाडू याला फ्लिक म्हणतात. वजन एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर जाताना मागचा भाग स्वतःच सुटतो.

४. ब्रेकने शिरणे: वळताना ब्रेकवर पाय ठेवून वजन पुढे आणावे, म्हणजे हलकी झालेली मागची चाके घसरतात.

५. नुसत्या रेसने: वळणात असतानाच जोर इतका द्यावा की मागची चाके सुटतील. हे ताकदवान गाडीतच शक्य होते.

*सावधान:* यातले काहीही खऱ्या रस्त्यावर करून पाहू नये. पावसाळ्यात यवतेश्वरच्या घाटात धुके, ओली वळणे आणि कासला निघालेली कुटुंबे एकाच वेळी असतात, आणि तिथे चूक झाल्यावर पुन्हा सुरू करण्याचे बटण नसते. माडीवर येणाऱ्या प्रत्येक मुलाकडून मी पहिल्या दिवशी याचे वचन घेतो.

टप्पा ५: गाडीनुसार हाताळणी

*हलक्या आणि कमी ताकदीच्या गाड्या.* एई ८६ चे इंजिन १५८७ सीसीचे, ताकद सुमारे १३० अश्वशक्ती. माझदा एमएक्स ५ ही त्याच कुळातली. नुसत्या रेसने त्यांची मागची चाके सुटत नाहीत आणि सुटली तरी फार वेळ फिरत राहत नाहीत. म्हणून घसरण चालू ठेवायला लागणारा जोर वळणात शिरतानाच वेगाच्या रूपाने सोबत न्यावा लागतो. वेग धरून झोक्याने शिरावे, इंजिनाच्या फेऱ्या वरच्या पट्ट्यात ठेवाव्यात आणि त्या पडू लागल्या की क्लचचा ठोका द्यावा. इथली हमखास चूक म्हणजे लांब ओढलेला हँडब्रेक. त्याने वेग संपतो, तो परत मिळवायला इंजिनात ताकद नसते आणि गाडी वळणाच्या मध्यावर सरळ होऊन जाते. कोनही माफक ठेवावा, कारण जास्त कोनात गाडी आडवी होऊन स्वतःच ब्रेकसारखी वागते. या गाडीत चूक लपत नाही, आणि म्हणूनच शिकण्यासाठी ती मला फार मोलाची वाटते.

*मधल्या गाड्या.* सिल्व्हियाच्या एस १३, एस १४ आणि एस १५ या तिन्ही पिढ्या इथे बसतात. एस १५ च्या १९९८ सीसी टर्बो इंजिनाची ताकद २५० अश्वशक्ती होती (टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून ताकद वाढवणारा भाग). टप्पा ४ मधल्या सगळ्या पद्धती या गाड्या निमूटपणे ऐकतात, म्हणून पहिले दोन महिने यांवरच घालवावेत. याहून जास्त सांगण्याची गरज नाही.

*माझदा आरएक्स ७ एफडी.* चाकांमध्ये २४२५ मिलिमीटर अंतर, लहान रोटरी इंजिन (पिस्टनऐवजी फिरत्या तुकड्यावर चालणारे) पुढच्या धुरेच्या मागे सरकवलेले, त्यामुळे वजन पुढे-मागे जवळजवळ समसमान. अशी गाडी वळायला अतिशय उत्सुक असते. सिल्व्हियावरून थेट हिच्यावर येणारा खेळाडू पहिल्या दिवशी सतत गिरक्या घेतो, कारण सिल्व्हियाला लागणारा झोका हिला दुप्पट होतो. झोका निम्मा करावा, हँडब्रेकला नुसता स्पर्श करावा आणि स्टिअरिंग पकडण्याची तयारी मागचा भाग सुटण्याच्या आधीच ठेवावी. दोन टर्बोंपैकी दुसरा साधारण ४५०० फेऱ्यांच्या आसपास कामाला लागतो. ती वेळ नेमकी वळणाच्या मध्यावर आली तर कोन अचानक वाढतो. म्हणून गिअर असा निवडावा की शिरतानाच काटा त्या आकड्याच्या वर असेल.

*लांब गाड्या.* बीएमडब्ल्यूच्या ई ३६ आणि ई ४६, आणि फोर्ड मस्टँग. यांना सुरुवात करून द्यायला जोर लागतो. झोका मोठा आणि लवकर द्यावा, गरज पडल्यास जोडीला क्लचचा ठोकाही द्यावा. एम ३ चे ३२४६ सीसीचे इंजिन टर्बोविना आहे, त्यामुळे पाय जितका दाबाल तितकीच ताकद मिळते, आणि पायाला शिस्त लावायला याहून चांगली गाडी नाही. पाच लिटरच्या, आठ सिलिंडरच्या व्ही ८ मस्टँगमध्ये मात्र ताकद खालच्या फेऱ्यांपासूनच भरपूर असते. तिला दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण रेस दिली की मागची चाके जागच्या जागी धूर काढत बसतात, गाडी पुढे जात नाही आणि कोन मात्र वाढत राहतो. तिसऱ्या गिअरमध्ये, अर्ध्या रेसवर ती चालवावी.

*मोठ्या टर्बोच्या गाड्या.* टोयोटा सुप्राचे २९९७ सीसीचे २ जेझेड इंजिन गेममध्ये मोठा टर्बो बसवून पळवण्याची सगळ्यांना हौस असते. मोठा टर्बो भरायला वेळ घेतो. पाय दाबल्यावर काही क्षण काहीच होत नाही आणि मग सगळी ताकद एकदम येते. नवखा खेळाडू त्या रिकाम्या क्षणात पाय आणखी दाबतो आणि ताकद आली की फिरून जातो. उपाय असा की ताकद हवी असेल त्याच्या आधी पाय दाबावा आणि ती येताना तो थोडा मागे घ्यावा. वळणात पाय पूर्ण उचलला तर टर्बो रिकामा होतो आणि तीच कसरत पुन्हा करावी लागते, म्हणून डाव्या पायाने हलका ब्रेक आणि उजव्या पायाने रेस अशी जोडी शिकून घ्यावी.

*मागे इंजिन असलेल्या गाड्या.* पोर्श ९११ मध्ये इंजिन मागच्या धुरेच्याही मागे आहे. रेस दिली असता मागच्या चाकांची पकड प्रचंड असते, पण एकदा ती सुटली की ते वजन घड्याळाच्या लंबकासारखे बाहेर झेपावते. हिला ब्रेकने किंवा पाय हलका उचलून वळणात घालावे, मागचा भाग निघताक्षणी रेस परत द्यावी आणि मग ती शेवटपर्यंत सोडू नये.

*चारही चाकांना जोर असलेल्या गाड्या.* निसान स्कायलाइन जीटीआर आर ३४ किंवा सुबारू इम्प्रेझा. रेस दिली की पुढची चाके गाडीला ओढून सरळ करू पाहतात. म्हणून सुरुवातीचा कोन हवा त्यापेक्षा जास्त घ्यावा, उलट स्टिअरिंग कमी द्यावे आणि पुढची चाके जायचे आहे तिकडे रोखून भरपूर रेस ठेवावी. 'फोर्झा होरायझन ५' सारख्या गेममध्ये जोर फक्त मागच्या चाकांना देण्याचा बदल करता येतो. ड्रिफ्टच शिकायचे असेल तर तो सरळ करून घ्यावा.

पुढच्या चाकांना जोर असलेल्या गाड्या हँडब्रेकने क्षणभर घसरतात, पण ती घसरण रेसने टिकवता येत नाही. त्यांवर वेळ घालवू नये.

टप्पा ६: जोडवळण

एका बाजूच्या घसरणीतून दुसऱ्या बाजूच्या घसरणीत जाणे हीच खरी परीक्षा आहे, आणि गाडीगाडीतला फरक सर्वांत जास्त इथेच दिसतो. क्रम असा: पाय थोडा सैल करावा, स्टिअरिंग सोडून द्यावे, गाडी सरळ रेषा ओलांडून दुसऱ्या बाजूला जाऊ लागली की स्टिअरिंग हलक्या हाताने पकडावे, आणि पकडल्यानंतरच रेस द्यावी. स्टिअरिंग पकडण्याआधी रेस दिली तर गाडी पुढे फिरत जाते. पकडायला उशीर झाला तर स्टिअरिंग शेवटच्या टोकाला आपटते आणि मग काही करता येत नाही.

वेळ मात्र गाडीप्रमाणे बदलते. मस्टँगमध्ये पहिले वळण पूर्ण संपण्याआधीच पाय सैल करावा लागतो, कारण वजन पलीकडे जायला वेळ लागतो. आरएक्स ७ मध्ये तेवढ्या लवकर सुरुवात केली तर गाडी दुसरे वळण यायच्या आधीच आडवी होते. एई ८६ मध्ये पाय सैल करण्याची चैन फारशी परवडत नाही, म्हणून तिथे वजन हलवायचे ते हाताने, आणि रेस जवळजवळ कायम ठेवायची. ९११ मध्ये पाय अगदी केसभर उचलावा. त्याहून जास्त उचलला तर मागचे वजन थांबत नाही.

*तपासणी:* रिप्ले बाजूने पाहावा. जोडवळणात गाडी क्षणभरही सरळ धावताना दिसली तर पाय उशिरा सैल झाला आहे. दुसऱ्या वळणात शिरताना कोन पहिल्यापेक्षा फार मोठा झाला असेल तर रेस लवकर दिली गेली आहे.

टप्पा ७: सेटिंग, आणि तेही सगळ्यांत शेवटी

ताकद वाढवणे हा पहिला बदल कधीही नसावा. आधी डिफरन्शियल, म्हणजे मागच्या दोन चाकांना जोर वाटून देणारा भाग, पूर्ण बांधलेले करावे, म्हणजे मागची दोन्ही चाके एकत्र सुटतात. मग पुढच्या चाकांचा कमाल कोन ५० अंशांच्या पुढे न्यावा. पुढचा कँबर, म्हणजे चाकाचा वरून आत-बाहेर असलेला कल, उणे ४ ते उणे ५ अंश आणि मागचा शून्याच्या जवळ ठेवून सुरुवात करावी. शेवटी गिअरचे गुणोत्तर असे बसवावे की निवडलेल्या रस्त्याची बहुतेक वळणे तिसऱ्या गिअरमध्येच निघतील.

एका वेळी एकच बदल करून पाच फेऱ्या माराव्यात आणि निकाल वहीत लिहावा. दुसऱ्या खेळाडूचे तयार सेटिंग जसेच्या तसे उतरवू नये. ते त्याच्या हाताच्या वेगासाठी आणि त्याच्या टायरसाठी बसवलेले असते.

टप्पा ८: रेषा आणि गुण

फॉर्म्युला ड्रिफ्ट या खऱ्या गाड्यांच्या ड्रिफ्ट स्पर्धेत रेषा, कोन आणि शैली यांवर गुण मिळतात. गेममधील मोजणी बहुधा कोन आणि वेगावर भर देते, त्यामुळे खेळाडू कोन वाढवत नेतात आणि रस्ता सोडतात. आतल्या कडेचा खूण-बिंदू पुढच्या बंपरने आणि बाहेरचा पट्टा मागच्या बंपरने गाठायचा, हे आधी कमी कोनात जमवावे. लांब गाडीत मागचा बंपर आपल्याला वाटते त्यापेक्षा बराच बाहेर असतो, हे भिंतीजवळ जाताना लक्षात ठेवावे.

शेवटचा सराव: गाडी बदलणे

एकच रस्ता ठरवावा आणि त्यावर सिल्व्हिया, मस्टँग, आरएक्स ७ या क्रमाने प्रत्येकी पाच फेऱ्या माराव्यात. गाडी बदलल्यावर पहिली फेरी न घसरता, पकड राखून मारावी आणि टप्पा २ मधील वहीचे पान समोर ठेवावे. पुढच्या आठवड्यात क्रम उलटा करावा. तिसऱ्या आठवड्यापासून पुढची गाडी मित्राने निवडावी आणि चालवणाऱ्याला ती पडद्यावर आल्यावरच कळावी. ज्या गाडीत पहिल्या घसरत्या फेरीलाच गिरकी आली, तिचे पान वहीत दुमडून ठेवावे आणि पुढच्या रविवारी सुरुवात तिच्यापासून करावी.